उंदरांपासून शिधा वाचवायचा: टांगलेली पिशवी की घट्ट झाकणाचा डबा?

खाणं तंबूत ठेवणं हा पर्यायच नाही. वासावर आलेला उंदीर तंबूचं कापड कुरतडून आत येतो आणि ते भोक पुढे प्रत्येक पावसात गळतं.

टांगलेली पिशवी हलकी पडते, पण नुसत्या दोरीवर भरवसा नको. उंदीर दोरीवरून सहज उतरतो. 25 सेंमी व्यासाची पत्र्याची ताटली घ्या, मधोमध दोरीपुरतं भोक पाडा, पिशवीच्या वर ती दोरीत ओवा, आणि ती खाली घसरू नये म्हणून लगेच खाली जाड गाठ मारा. ताटलीवर पाय पडला की ती कलंडते आणि उंदीर घसरतो. पिशवी ताटलीपेक्षा रुंद असेल, तर मात्र तो नेमका तिच्यावरच पडतो! खोडापासून मीटरभर अंतर हवं, नाहीतर तो उडी मारून पोहोचतो.

डबा जड, पण झाड नसलं तरी चालतो. स्टीलचा उत्तम. पातळ प्लास्टिकच्या कडेला दात लागतात, आणि 6 मिमीची फटही छोट्या उंदराला पुरते. गाडीने जाणाऱ्यांनी डबाच घ्यावा. पाठीवर ओझं वाहणाऱ्यांना पिशवी परवडते.

टूथपेस्ट, साबण, कचराही त्याच पिशवीत किंवा डब्यात. रिकाम्या सॅकच्या चेन उघड्या ठेवा, म्हणजे उंदीर कापड न फाडता हुंगून जाईल.

लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, धुळीतून आजार पसरतात. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी शिंपडा, पाच मिनिटांनी हातमोजे घालून पुसा.