सायबर चार्टर हायस्कूल निवडताय? ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडाचा इतिहास आधी पाहा

अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत नववी ते बारावीसाठी ऑनलाइन सरकारी शाळेचा विचार चालू आहे, त्यांना माझं सांगणं एकच: माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि सरकार या शाळेला पैसे कशाबद्दल देतं ते आधी विचारा. पटावरच्या नावाबद्दल, की पूर्ण झालेल्या अभ्यासाबद्दल? गेल्या पंचवीसेक वर्षांत या शाळांचं जे बरंवाईट झालं, त्यातलं बरंचसं या प्रश्नापाशी येऊन थांबतं.

ओहायोची 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो', म्हणजे ईकॉट, २००० साली विल्यम लेगर यांनी सुरू केली. ही ऑनलाइन, म्हणजेच सायबर, चार्टर शाळा होती. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र मंडळाने चालवलेली, बिनफीची शाळा. ईकॉटला पैसा पटावर मिळे. सुरुवातीच्याच एका महिन्यात २,२७० मुलांपोटी सुमारे ९ लाख ३२ हजार डॉलर दिले गेले आणि लॉगिन केलं होतं फक्त सात जणांनी, असं सरकारी लेखापरीक्षणात निघालं. खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण शाळा वाढतच गेली, आणि व्यवस्थापन व सॉफ्टवेअरचं काम लेगर यांच्याच कंपन्यांकडे जात राहिलं. चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आत होतं. २०१५-१६ची पटपडताळणी झाली तेव्हा दाखवलेल्या सुमारे १५,३०० पूर्णवेळ विद्यार्थ्यांपैकी जेमतेम ६,३०० जणांच्या अभ्यासाचा पुरावा मिळाला. राज्याने सुमारे ६ कोटी डॉलर परत मागितले. आम्ही शिकण्याची संधी दिली, मुलांनी ती किती वापरली हे मोजायचं नाही, असा शाळेचा युक्तिवाद होता. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ऑगस्ट २०१८ मध्ये फेटाळला. पण त्याआधीच, जानेवारीत, ऐन शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर शाळा बंद पडली होती आणि सुमारे १२ हजार मुलं नवी शाळा शोधत होती. बारावीतल्या मुलाच्या घरी त्या महिन्यात काय झालं असेल, याचा विचार करून मला आजही अस्वस्थ वाटतं.

पेनसिल्व्हेनियाची 'पीए सायबर'ही २०००चीच, पण तिचा जन्म खऱ्या गरजेतून झाला. मिडलंड हे पोलादाचं गाव. १९८२ मध्ये तिथला कारखाना बंद झाला, पुढे काही वर्षांत हायस्कूलही गेलं आणि मुलांना राज्याची हद्द ओलांडून ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूलला शिकायला जावं लागलं. गावाचे शिक्षणप्रमुख निक ट्रॉम्बेटा यांनी यावर ऑनलाइन शाळेचा उपाय काढला. पहिल्याच वर्षी ५००हून अधिक मुलं आली. इथेही पैसा पटावरच मिळतो. मूल जिथे राहतं, तिथल्या शाळा-जिल्ह्याने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने, तो द्यायचा. पुढे ट्रॉम्बेटा यांनी करचुकवेगिरीच्या कटाचा गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये त्यांना २० महिन्यांची शिक्षा झाली. शाळा मात्र टिकली आणि आजही चालू आहे. माझ्या मते ही बाब महत्त्वाची आहे: संस्थापक बाजूला झाल्यावरही शाळा उभी राहिली.

फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल चार्टर नाही, सरळ राज्याची शाळा आहे. ऑरेंज आणि अलाचुआ या दोन काउंट्यांनी दोन लाख डॉलरच्या अनुदानावर ती १९९७ मध्ये उभी केली. तिथे विद्यार्थ्याने विषय यशस्वीपणे पूर्ण केला तरच पैसे मिळतात. त्यामुळे मागे पडलेल्या मुलाच्या घरी फोन करणं ही शिक्षकाची निव्वळ सद्भावना उरत नाही, शाळेची गरज होते. शिवाय नेहमीच्या शाळेत राहून एखादाच विषय इथे घेता येतो. ही सोय मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. फ्लोरिडाबाहेरच्यांना मात्र फी पडते.

सरासरीचं चित्रही लक्षात असू द्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राच्या २०१५च्या अभ्यासानुसार, ऑनलाइन चार्टरमधली मुलं नेहमीच्या सरकारी शाळांतल्या मुलांच्या तुलनेत वर्षाकाठी गणितात १८० आणि वाचनात ७२ दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे पडतात. अमेरिकेत शाळेचं अख्खं वर्षच साधारण १८० दिवसांचं असतं. स्वतःहून रोज अभ्यासाला बसणारी, घरी कुणी मोठं माणूस सोबत असलेली मुलगी याला अपवाद ठरू शकते. तशी खात्री नसेल तर पूर्णवेळ प्रवेश घेऊ नका, आधी एका सत्रापुरता एकच विषय घेऊन पाहा. आणि पूर्णवेळच घ्यायचा असेल, तर प्रवेशाआधी शाळेकडून दोन गोष्टी लेखी मागून घ्या: चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, आणि व्यवस्थापनाचं कंत्राट कुणाच्या कंपनीकडे आहे.