पायथॉनचं लॉगिंग मॉड्यूल: पक्क्या प्रिंटवाल्याचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

मी पक्का प्रिंटवाला, म्हणजे प्रोग्राम कुठे अडकतोय ते बघायला कोडमध्ये प्रिंटच्या ओळी टाकणारा. शंका आली की "इथे आलो", मग "इथे आलो २", मग वैतागून "अरे बाबा इथे तरी ये", आणि बग सापडला की ते सगळं हुडकून पुसत बसायचं, एखादं राहायचंच.

मग एकदा रात्रभर चालणारी स्क्रिप्ट लावली, आउटपुट फाइलमध्ये वळवलं आणि सकाळी बघतो तर प्रोसेस मेलेली आणि फाइल कोरी, म्हणजे एक ओळसुद्धा नाही. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं की आउटपुट स्क्रीनऐवजी फाइलमध्ये जात असेल तर प्रिंटच्या ओळी आधी बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) साठतात, आणि मेमरी संपली म्हणून सिस्टीमने प्रोसेस थेट मारली की त्याही सोबत जातात. फ्लश (साठलेलं लगेच फाइलमध्ये ढकलणं) लावता येतो, पण प्रत्येक प्रिंटला कोण लावणार? लॉगिंगचा, म्हणजे प्रोग्राम काय करतोय त्याच्या नोंदी ठेवणाऱ्या मॉड्यूलचा, फाइल हँडलर (नोंदी फाइलमध्ये लिहिणारा भाग) मात्र प्रत्येक ओळीनंतर स्वतःच फ्लश करतो, म्हणून शेवटी तिकडे वळलो.

इन्स्टॉल काही करावं लागत नाही, पायथॉन २.३ पासून म्हणजे २००३ पासून सोबतच येतं. पण पहिला दिवस वाईट गेला हे सांगतो. इन्फोची (साध्या माहितीची) ओळ लिहिली, रन केलं, काहीच दिसेना! कारण रूट लॉगरची (सगळ्यात वरच्या लॉगरची) लेव्हल, म्हणजे किती गंभीर नोंदीपासून पुढे लिहायचं ती मर्यादा, मुळात वॉर्निंगवर असते, वॉर्निंग ३० आणि इन्फो २०, त्यामुळे तुमची ओळ तो गपचूप गिळतो. मग बेसिककॉन्फिग या सेटिंग लावणाऱ्या फंक्शनने लेव्हल बदलायला गेलो तरी ढिम्म, कारण आधी कुणीतरी (माझ्या केसमध्ये एका लायब्ररीने) हँडलर लावला असेल तर तो कॉल काहीच करत नाही आणि एररही देत नाही. पायथॉन ३.८ पासून त्याला फोर्स=ट्रू दिलं की जुने हँडलर काढून नव्याने लावतो. नावं पण जावाच्या लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीवरून उचललेली, म्हणून गेटलॉगर या फंक्शनच्या नावात मधेच कॅपिटल एल, पायथॉनमध्ये ते डोळ्यात खुपतं.

आता खरी मजा. एक्सेप्टच्या (एरर पकडणाऱ्या ब्लॉकच्या) आत लॉगर.एक्सेप्शन लिहिलं की अख्खा ट्रेसबॅक (एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आली तो माग) फाइलमध्ये. आधी मी नुसता एररचा मेसेज प्रिंट करायचो, तर की-एरर (डिक्शनरीत नसलेली की मागितल्याची एरर) आला की स्क्रीनवर फक्त कीचं नाव, बाकी कुठे काय झालं ते शोधा. आता फाइलमध्ये असं दिसतं: "०२:१४:०७ एरर ऑर्डर्स: रक्कम रिकामी, ओळ ४१८". वेळ, लेव्हल, मॉड्यूल सगळं समोर. आणि डीबगच्या ओळी पुसायच्या नाहीत, लेव्हल वर केली की गप्प, खाली आणली की बोलायला लागतात.

अजून दोन खड्डे. हँडलर लावायचा कोड फंक्शनमध्ये ठेवला आणि ते तीनदा कॉल झालं, तर प्रत्येक ओळ तीनदा छापून येते, मला वाटलं लूपच चुकला, अर्धा दिवस गेला त्यात. आणि रोटेटिंग फाइल हँडलरला (फाइल भरली की नवी सुरू करणाऱ्या हँडलरला) मॅक्सबाइट्स (फाइलची कमाल साइज) आणि बॅकअपकाउंट (किती जुन्या फाइल ठेवायच्या) दोन्ही द्या, एक जरी शून्य राहिलं तरी फाइल फुगतच जाते.

एक स्टार कापला तो त्या पहिल्या दिवसाचा. दहा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये मी अजून प्रिंटच टाकतो, कालच टाकलाय, पुसायचा राहिलाय.