हरिश्चंद्रगडावर दोन दिवस : सोयी बेताच्या, लीडर अव्वल

सप्टेंबर महिन्यात आमच्या विभागातील २२ जणांसाठी पुण्यातील एका लहानशा ट्रेकिंग गटाकडून आम्ही हरिश्चंद्रगडाची दोन दिवसांची मोहीम आखून घेतली. माणशी १,६०० रुपयांत बसचा प्रवास, चहा-नाश्ता, जेवण, गडावरील मुक्काम आणि सोबतीला दोन लीडर असा सगळा खर्च धरलेला होता. सहकाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण प्रथमच डोंगर चढणार होते, त्यामुळे गड कसा आहे यापेक्षा नेणारा कसा आहे, याचीच मला अधिक चिंता होती. मागच्या वर्षी दुसऱ्या एका आयोजकाबरोबर गेलो असता बसमध्ये माइकवरून घोषणा, टाळ्या आणि गाणी यांची रेलचेल होती. पण पायवाट लागताच पुढचे पुढे निघून गेले आणि मागे राहिलेल्यांची कोणी साधी विचारपूसही केली नाही.

या वेळचा अनुभव पहिल्या तासातच वेगळा वाटला. खुबी फाट्यावरून पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधाने खिरेश्वरला पोहोचल्यावर पोहे खाता खाता आमच्या लीडरने, सव्विशीच्या आसपासच्या एका तरुणाने, प्रत्येकाजवळ जाऊन नाव, जुने दुखणे आणि बुटांचा तळ या तीन गोष्टी पाहिल्या. तोलार खिंडीतील वाघाचे शिल्प दाखवताना त्याचा चेहरा असा खुलला होता, की जणू ते त्यालाच त्या दिवशी सापडले असावे. वास्तविक त्या वाटेने तो अनेकदा जाऊन आलेला होता. त्याचा हा आनंद खरा असल्यामुळेच तो आमच्यापर्यंत पोहोचला आणि एरवी फोनमधून डोके वर न काढणारे दोघे-तिघेही शिल्पासमोर वाकून पाहू लागले.

खिंडीनंतरच्या कातळटप्प्यावर या माणसाची खरी पारख झाली. तेथे रेलिंग आहे, तथापि पावसाने दगड निसरडा झाला होता. आमच्या लेखा शाखेतील पन्नाशी ओलांडलेले एक सहकारी मध्यावर थांबले; दोन्ही हातांनी रेलिंग घट्ट धरलेले, गुडघे थरथरत होते. वरून आमच्यापैकी काहींनी "चला, चला, जमेल!" असा गजर सुरू केला, तेव्हा लीडरने हात वर करून आम्हा सर्वांना गप्प केले, तो त्यांच्या दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "काका, खाली बघू नका. डावा पाय माझ्या हातावर टेकवा. बास. आता उजवा." या टप्प्याला दहा-बारा मिनिटे लागली असतील, पण घाई कोणीही केली नाही. पुढे सात टेकड्यांच्या वाटेवर, शेवटच्या टेकडीला, त्याने त्याच काकांना रांगेच्या अग्रभागी चालायला सांगितले आणि गडावरील मंदिराचे शिखर प्रथम त्यांनाच दिसले. विभागाच्या बैठकीत क्वचितच बोलणारे हे गृहस्थ त्या रात्री झापात (झोपडीवजा निवाऱ्यात) पिठलं-भाकरी खाताना बराच वेळ बोलत होते.

दुसरा लीडर अबोल होता. तो पूर्णवेळ पिछाडीला राहिला, त्याने एकही विनोद केला नाही, पण शेवटच्या माणसाच्या पुढे तो एकदाही गेला नाही, आणि कोणाचे पाणी संपले आहे हे विचारण्याआधीच त्याला कळत असे. एकाचा उल्हास आणि दुसऱ्याची स्थिर सोबत यांच्यामुळे आमची रांग कोठेही तुटली नाही. विभागात माणसांच्या जोड्या लावताना मी हे आता आवर्जून लक्षात ठेवतो.

पहाटे आम्ही कोकणकड्यावर गेलो. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सूर्य पाठीशी आणि धुके समोरच्या दरीत असे सकाळीच जुळून येते, आणि मग धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती इंद्रवज्राचे, म्हणजे गोल इंद्रधनुष्यासारखे, वर्तुळ उमटते, हे पहिल्या लीडरने हातवारे करून मोठ्या तन्मयतेने समजावले. मात्र ते दिसेलच, असे तो एकदाही म्हणाला नाही. सूर्य ढगाआडून आलाच नाही. तासभर बसून आम्ही परतलो, तरी कोणी हिरमुसले नाही, कारण त्याने आम्हाला खोटी आशा लावलेलीच नव्हती.

उणिवाही नोंदवणे आवश्यक आहे. बसच्या मागच्या आसनांचे स्प्रिंग बसलेले होते, दोन हेडटॉर्च निकामी निघाले. सर्वांत गंभीर बाब म्हणजे पाच तासांच्या सांगितलेल्या चढाईला आम्हाला सात तास लागले आणि शेवटचा टप्पा अंधारात चालावा लागला. उत्साही माणसाचा वेळेचा अंदाज असा पुढे धावतो, आणि नवख्यांच्या बाबतीत ते धोक्याचे ठरू शकते. गडावर पोहोचताच त्याने सर्वांसमोर "हिशेब माझा चुकला" असे सांगितले आणि उतरण्याची वेळ सकाळी दीड तासाने अलीकडे आणली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली.

प्रथमच जाणाऱ्यांनी पावसाळ्यात या वाटेने जाताना चढाईसाठी सात तास धरून पहाटे निघावे, गट २० च्या आत ठेवावा, आणि नोंदणी करताना हेच दोघे लीडर सोबत येणार का, हे आधी विचारून घ्यावे. आमचे काका पुढील मोहिमेची तारीख विचारत आहेत. या वेळी ती हिवाळ्यात ठेवायची आहे.