सीटखालचा फुटलेला पत्रा आणि दुसऱ्यांदा झालेली पक्की दुरुस्ती

ब्रेक दाबला की ड्रायव्हरची सीट एका बाजूला झुकायची आणि ‘टक्’ असा आवाज यायचा. बाबांची गाडी, वीस वर्षांवरची. सीट ज्यावर पुढे-मागे सरकते त्या रेलची खाच झिजली असेल असंच मी धरून चालले होते. एकदा टॉर्च घेऊन सीटखाली वाकले आणि मागचा आतला बोल्ट हलवून पाहिला, तर बोल्टासकट खालचा पत्राही वरखाली व्हायला लागला. बोल्ट घट्टच होता. तो ज्यात बसतो तेच सुटलं होतं.

ज्या वेल्डिंगवाल्या काकांनी हे काम शेवटी नीट केलं, त्यांच्या कामाबद्दल लिहितेय. पण आधी पहिली दुरुस्ती सांगते.

एका गॅरेजने तासाभरात गाडी परत दिली होती. आरपार बोल्ट, खालून मोठा वॉशर, भेगेवर लांबी (म्हणजे पुट्टी) आणि वर काळा रंग. दिसायला अगदी स्वच्छ. आठ महिन्यांत वॉशरच्या कडेने पत्रा अर्धगोल फाटला. आमच्या गाडीच्या तळाचा पत्रा मिलिमीटरभरसुद्धा जाड नाही. सीटचा भार खरं तर त्यावर आडव्या बसवलेल्या चॅनेलने, म्हणजे वाकवलेल्या पत्र्याच्या पोकळ पट्टीने घ्यायचा असतो आणि बोल्टचा नट त्या चॅनेलच्या आत वेल्ड केलेला असतो. चॅनेल सडलेलं तसंच ठेवून पातळ पत्र्याला वॉशर लावला, तर रोजच्या हादऱ्यांनी तो फाटणारच. लांबी तर फक्त भेग झाकते, जोर काहीच घेत नाही.

आमच्या गाडीत बेल्टचं बकल सीटलाच आहे. म्हणजे टक्कर झाली तर सीटबरोबर माझाही काही भार त्याच चार बोल्टांवर. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 207 या वाहन-सुरक्षेच्या नियमात सीटने स्वतःच्या वजनाच्या 20 पट जोर सोसायला हवा असं आहे. सीट 15 किलोची धरली तर 300 किलोंचा जोर झाला, तोही बसलेल्या माणसाला न धरता. हे समजल्यावर मी गाडी चालवणं बंद केलं.

काकांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, मग सीट, मग कार्पेट. कार्पेटखालचा फोम पिळला तर चक्क पाणी गळलं. “ताई, पत्रा नंतर. पाणी कुठून येतं ते आधी शोधू,” म्हणाले. पाइपने काचेवर पाणी सोडलं आणि मला आत बसवलं. पाच-सहा मिनिटांनी पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक थेंब ओघळला. तो दिवस काच नीट बसवण्यातच गेला. तेव्हा मला घाई झाली होती, पण ओल राहिली असती तर नवा पत्राही सडलाच असता.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या स्क्रूड्रायव्हरने पत्रा ठोकत गेले. चांगल्या जागी टणटण, गंजलेल्या जागी बद्द, आणि दोन ठिकाणी टोक थेट आरपार. खडूने गोल काढला तो माझ्या तळहाताएवढा. कापताना मात्र त्याच्या दुप्पट कापलं, चकचकीत पत्रा लागेपर्यंत. त्याआधी पत्र्यावर चिकटवलेली डांबरी शीट खरवडली, कारण वेल्डिंगच्या आचेने ती पेटते. तळाखालची ब्रेकची आणि पेट्रोलची नळीही क्लिपांतून सोडवून लांब बांधली.

चॅनेलच्या सडलेल्या भागाऐवजी 2 मिलिमीटर पत्रा वाकवून तुकडा केला, आतून नवा नट वेल्ड केला. नटात जुना बोल्ट फिरवून ठेवला, म्हणजे ठिणग्यांनी आटे खराब होत नाहीत. आणि मग मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: नवा तुकडा जागेवर धरून त्यांनी आख्खी सीट परत आत ठेवली, चारही बोल्ट हाताने लावले, सीट पुढे-मागे सरकवून पाहिली आणि तेव्हाच तुकड्याला वेल्डिंगचे दोन टाके मारले. भोक दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर रेल आवळते. सीट पुन्हा काढून उरलेलं वेल्डिंग थोडं इथे, थोडं पलीकडे असं केलं, पत्रा तापून वाकू नये म्हणून.

बाकीचे तीन माउंटही (सीटचे बोल्ट बसतात त्या जागा) त्यांनी स्वतःहून घासून पाहिले. पुढच्या एकाजवळ केसासारखी भेग निघाली. तिच्या दोन्ही टोकांना 3 मिलिमीटरची भोकं पाडून मग ती भरली. तसं नाही केलं तर भेग वेल्डच्या पुढे पळते. झाकण्याआधी मला बोलावून सगळे जोड दाखवले. नंतर झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर, रंग, आणि शेवटी चॅनेलच्या आत मेण.

तक्रारी दोन. दोन दिवस सांगून चार लागले, आणि कार्पेटच्या कडेला सीलरचा डाग पडलाय तो निघत नाही. तरी माझ्याकडून पूर्ण गुण.

बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळले आणि काकांनी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून रेलपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून दिली. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. दर महिन्याला टॉर्च घेऊन बघते. चारही रेघा अजून सरळ आहेत.