पेड वंशावळ साइट घ्यावी का? टिडियूटच्या ग्रँडिन घराण्यावर टेस्ट घेऊन बघितली

आमच्या कुलवृत्तांताचं काम घरात चालू आहे, त्यात कुणीतरी सुचवलं की त्या पैसे भरून वापरायच्या वंशावळीच्या साइट्स असतात ना, त्यातली एक घेऊन टाका. साइटचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, असल्या सगळ्या साइट्स थोड्याफार सारख्याच. पण आपल्या घराण्यावर पैसे घालायच्या आधी म्हटलं ज्या घराण्याची माहिती दुसरीकडूनही ताडून बघता येईल असं एखादं घ्यावं. भाची व्हेटर्नरीला आहे, तिच्या तोंडी सारखं टेंपल ग्रँडिन हे नाव, गुराढोरांना न घाबरवता कसं हाताळायचं यात जगभर नाव असलेल्या कोलोराडोच्या प्राध्यापक बाई. त्यांचे पणजोबा जॉन लिव्हिंग्स्टन ग्रँडिन, तेल आणि लाकडातले व्यापारी. ठरलं, हेच घराणं.

आधी गोष्ट सांगतो, नाहीतर साइट कुठे कमी पडते ते कळणार नाही. पेनसिल्वेनियात अ‍ॅलेगेनी नदीकाठी टिडियूट नावाचं बारकं गाव आहे, तिथे जॉनचे वडील सॅम्युएल ग्रँडिन यांचं दुकान आणि लाकडाचा धंदा. त्या भागातलं लाकूड तराफे बांधून नदीतून खाली पिट्सबर्गकडे जायचं. २७ ऑगस्ट १८५९ ला जवळच्या टायटसव्हिलला ड्रेक नावाच्या माणसाच्या विहिरीला (अमेरिकेतल्या तेलधंद्याची सुरुवात हिच्यापासूनच धरतात) ६९.५ फुटांवर तेल लागलं, बातमी टिडियूटला पोचली आणि २२ वर्षांचा जॉन दुकान सोडून लगेच जमीन बघायला धावला. काही दिवसांतच गावातल्या डेनिस नावाच्या लोहाराला हाताशी धरून त्याने खणायला सुरुवात केली. इंजिन वगैरे काही नाही, लवचिक लाकडी दांड्याला छिन्नी लटकवायची आणि दांडा दाबत दाबत ती खडकावर आपटत राहायची. ड्रेकच्या जवळजवळ दुप्पट, १३४ फूट गेले, तेलाचा थेंब नाही, वर छिन्नी आत अडकली. मग बंदुकीची दारू भरून आत स्फोट केला आणि विहीरच कामातून गेली. अमेरिकेतली पहिली कोरडी तेलविहीर म्हणून हीच सांगतात :) असं पदार्पण होऊनही पुढे याच माणसाने तेलात पैसा केला, भावांबरोबर बँक काढली.

आता साइटबद्दल. जन्म, लग्न, मृत्यू, कोण कुणाचा मुलगा यात साइट मस्त आहे, मान्य. सर्च फास्ट आहे, जुन्या जनगणनेची पानं स्वच्छ स्कॅन केलेली आहेत. १८५० पासून अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं (सुरुवातीला गुलाम सोडून) नाव येतं (त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं) आणि १८८० पासून प्रमुखाशी नातंही लिहिलेलं असतं, त्यामुळे टिडियूटचं कुटुंब भराभर उलगडत जातं. पण १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत जवळपास सगळी गेली, ती कुठल्याच साइटकडे नाही, आणि नेमकी १८८० ते १९०० हीच वर्षं या घराण्याची सगळ्यात धावपळीची. साइटवरच्या वंशावळीच्या झाडावर तिथे नुसत्या रिकाम्या फांद्या दिसतात.

त्या काळात काय चाललं होतं? सुरुवात थोडी आधीची. सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुक नावाच्या बँकरची पेढी बुडाली, तिच्या भरवशावर चाललेली नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेही गाळात गेली, आणि ग्रँडिन बंधूंच्या हातात तिचे बॉण्ड (कर्जरोखे) अडकले. रेल्वेकडे रोकड नव्हती पण जमीन पोत्याने होती, म्हणून बॉण्डच्या बदल्यात यांनी डकोटात रेड रिव्हरच्या खोऱ्यात हजारो एकर जमीन उचलली आणि ऑलिव्हर डॅलरिंपल नावाच्या जाणकाराला बसवून गव्हाची अवाढव्य शेती सुरू केली. नॉर्थ डकोटात आजही ग्रँडिन नावाचं गाव आहे. आणि दुसरं ग्रँडिन मिझुरीत! कारण १८८० मध्ये मिझुरी लंबर अँड मायनिंग कंपनी उभी राहिली, तिच्यात पेनसिल्वेनियाच्या या मंडळींचा पैसा, कारभार जे. बी. व्हाइट यांच्याकडे. ओझार्कच्या डोंगरातलं पाइन कापायला जी गिरणी आणि गाव वसवलं ते हे ग्रँडिन, तेव्हाच्या देशातल्या मोठ्यात मोठ्या लाकूड गिरण्यांपैकी एक. १९०९ च्या सुमारास पाइन संपलं आणि गिरणी बंद. म्हणजे वडिलांचं लाकूड, मग तेल, बँक, गहू आणि परत लाकूड. यातलं एक अक्षर साइटच्या झाडावर नाही, तिथे फक्त दोन तारखा आणि कबरीचा फोटो. पैसे भरून हे मिळणार असेल तर काय उपयोग राव.

यापेक्षा डोकेदुखी म्हणजे त्या हिंट्स, म्हणजे साइट आपणहून सुचवते ती नाती. जॉनचा भाऊ ई. बी. ग्रँडिन, एलायजा बिशप. साइटने उत्साहाने त्याला चिकटवला न्यूयॉर्कच्या पाल्मायराचा ई. बी. ग्रँडिन, एग्बर्ट, ज्याच्या छापखान्यात १८३० मध्ये मॉर्मन पंथाचा ग्रंथ छापला! दोन वेगळे अ. ब. कुलकर्णी एकच धरून वारस लावल्यासारखं झालं हे. आणि एकाने मान्य केलं की दुसरे कॉपी करतात, मग तेच चुकीचं नातं झाडामागून झाडात दिसत राहतं. मूळ कागद उघडल्याशिवाय ओके दाबू नका. घराण्यात एक किस्सा सांगतात की रॉकफेलरने भेटीला बोलावून फार वेळ ताटकळत ठेवलं म्हणून ग्रँडिन उठून निघून गेले. असले किस्से वाचायला मजा येते, झाडात घालताना मात्र किस्सा म्हणूनच घाला.

धंद्याचा इतिहास मला मिळाला तो सगळा फुकटच्या जागी. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकावर जुनी वर्तमानपत्रं चाळता येतात, आणि त्या काळात छापलेले काउंटी इतिहास स्कॅन होऊन नेटवर पडलेत (त्यातली चरित्रं फार गोड असतात, चिमूटभर मीठ घालून वाचायची). जनगणनेसाठी फॅमिलीसर्च, तीही फुकट, लॉगिन केलं की झालं. पेड साइटला माझ्याकडून पाचपैकी अडीच. घ्यायचीच असेल तर एक महिना घ्या, आधी नावांची यादी करून बसा, आणि पहिल्याच दिवशी ऑटो रिन्यूअल बंद करा, ते बटण चार मेनूंच्या आत लपवलेलं असतं.

बरं, आपल्या मराठी घराण्यांसाठी? पेड साइटवर मला काहीच मिळालं नाही. फॅमिलीसर्चवर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो आहेत, पण हस्ताक्षर लावायला धीर पाहिजे. त्यापेक्षा त्र्यंबकेश्वरला आपल्या तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि मूळ गाव सांगून वही काढायला लावा, आम्ही आता तेच करणार आहोत.