एक्सेल, ओसीएस की जीएलपीआय?

मार्च जवळ आला की ऑडिटवाले कॉम्प्युटरबद्दल विचारतात, "मशिन किती? लायसन्स किती?" मग पुण्यात भोसरीची शेड ते शिवाजीनगरचं ऑफिस अशी वही घेऊन वारी सुरू. आमची मशिन ६०च्या आसपास. तुमची २०-२५ असतील आणि सगळी एकाच मजल्यावर, तर नोंद ठेवायला एक्सेल पुरे. उगाच सर्व्हर उभा करू नका.

एक्सेलचं दुखणं एकच, कुणी बदलल्याशिवाय ते बदलत नाही. आमच्या शीटमध्ये स्टोअरच्या मशिनला ८ जीबी रॅम होती. मशिन रखडतंय म्हणून कॅबिनेट उघडलं, तर आत ४ जीबीची एकच स्टिक आणि शेजारचा स्लॉट धुळीने भरलेला. दुसरी कधी गेली, कोण सांगणार?

ओसीएस इन्व्हेंटरी हे सॉफ्टवेअर नोंद ताजी ठेवण्याचं काम आपणहून करतं. प्रत्येक मशिनवर त्याचा एजंट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, टाकायचा. तो ठरावीक तासांनी प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरची यादी सर्व्हरला पाठवतो. त्यातलं आयपी-डिस्कव्हर (नेटवर्क धुंडाळणारी सोय) चालू केलं की एजंट नसलेली उपकरणंही दिसतात, म्हणजे प्रिंटर, स्विच आणि कुणीतरी गुपचूप लावलेला वायफाय राउटरसुद्धा.

गोची होते असेंबल्ड पीसींची. तापकीर गल्लीच्या बाजारातून पार्ट आणून जुळवलेल्या मशिनच्या बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) सिरियल नंबरच्या जागी बऱ्याचदा "टू बी फिल्ड बाय ओईएम" (निर्मात्याने भरायचं) एवढंच असतं. एकाच सिरियलची पाच मशिन दिसली की डुप्लिकेटचा घोळ; तो मजकूर ओसीएसच्या ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे दुर्लक्ष करायच्या यादीत, टाकावा लागतो. दुसरं, एजंटसकट डिस्क क्लोन (हुबेहूब कॉपी) करू नका. ओळखही क्लोन होते आणि दोन मशिन एकाच नोंदीवर भांडत बसतात.

जीएलपीआय हे दुसरं सॉफ्टवेअर पुढचं विचारतं: मशिनवर बसतं कोण, बिल कुठलं, वॉरंटी कधी संपते, तक्रार कुणाची. पूर्वी इन्व्हेंटरीसाठी त्याला ओसीएससारखी जोड लागायची. २०२२ साली आलेल्या १०व्या आवृत्तीपासून ती सोय आतच आहे, एजंटही स्वतःचा. रॅम निघाली की मशिनच्या इतिहासात तारखेसकट नोंद पडते. माझं मत इथेच जीएलपीआयकडे फिरलं. पसारा मात्र मोठा आहे. एंटिटी (शाखा-विभाग), प्रोफाइल (कुणाला काय दिसेल) आणि नियम लावण्यातच पहिला आठवडा जातो.

दोन्ही फुकट, ओपन सोर्स. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नवा प्रोसेसर लागतो, तेव्हा जुने प्रोसेसर किती हे दोन्हींत यादी गाळून लगेच कळतं.

तक्रारी हाताळायला माणूस असेल तर जीएलपीआय घ्या. एकटेच असाल तर ओसीएस.

यूपीएसची बॅटरी कधी बदलली हे मात्र कुठलाच एजंट सांगत नाही. ते आम्ही अजून मार्करने यूपीएसवरच लिहितो.