फ्लॉरेन्स आधी की लिस्बन? 15व्या-16व्या शतकाचा युरोप पाहू इच्छिणाऱ्यांसाठी

युरोपातील 15वे आणि 16वे शतक पुस्तकाबाहेर येऊन पाहण्याची इच्छा आहे, पण हाताशी चार-पाच दिवस आणि एकाच शहराचा खर्च आहे, अशा प्रवाशापुढे बहुधा फ्लॉरेन्स आणि लिस्बन ही दोन नावे येतात. चित्रे पाहायची असतील तर फ्लॉरेन्स आणि सागरी मोहिमांची आवड असेल तर लिस्बन, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अगदीच चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण त्यात विज्ञानाचा विचारच होत नाही आणि त्या काळातील विज्ञान या दोन्ही शहरांत सारखेच मुरलेले होते. माझ्या मते निवड करताना दोन प्रश्न विचारावेत. त्या शहरात त्या काळातले प्रत्यक्ष काय शिल्लक आहे, हा पहिला. आणि पाहणारा आपल्याबरोबर कोणती माहिती घेऊन जात आहे, हा दुसरा.

ही दोन शहरे एकमेकांपासून किती जवळ होती, हे आधी लक्षात घ्यायला हवे. 1474 मध्ये पाओलो तोस्कानेल्ली या फ्लॉरेन्सच्या गणितज्ञाने लिस्बनमधील फेर्नाओ मार्तिन्स या धर्मगुरूला पत्र लिहून, पश्चिमेकडे जहाजे हाकारली तर मसाल्यांच्या देशांना पोचता येईल, असे सुचवले. मूळ पत्र उरलेले नाही, पण कोलंबसाच्या संग्रहातील एका ग्रंथात त्याची नक्कल मिळाली. तोस्कानेल्लीने अंतर फारच कमी धरले होते, आणि नेमक्या त्याच चुकीने कोलंबसाचा हुरूप वाढला. पुढे बार्तोलोमेओ मार्किओन्नी हा फ्लॉरेन्सचा सावकार लिस्बनमध्ये बसून भारताकडे जाणाऱ्या जहाजांत पैसे गुंतवत होता आणि आफ्रिकेतील गुलामांचा व्यापारही करत होता. ज्याच्या नावावरून अमेरिका हे नाव पडले तो अमेरिगो वेस्पुच्ची फ्लॉरेन्सचाच. 1501 ची त्याची सफर मात्र पोर्तुगालच्या झेंड्याखाली लिस्बनहून सुटली. हिशेबाची वही एका शहरात आणि गलबताचा धक्का दुसऱ्या शहरात, असा हा एकच व्यवहार होता.

फरक पडला तो नंतर. फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा हिने 1737 मध्ये करार करून घराण्याचा संपूर्ण कलासंग्रह तोस्कानाच्या राज्याला दिला आणि त्यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाऊ नये, अशी अट घातली. उफीत्झी संग्रहालयातील भिंती आज भरलेल्या दिसतात, त्याचे श्रेय चित्रकारांइतकेच या बाईच्या दूरदृष्टीला द्यायला हवे. त्यानंतर अठरा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1755 रोजी, लिस्बनला भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि मग आग भडकली. नदीकाठचा राजवाडा त्यातील ग्रंथालयासह गेला आणि पूर्वेकडच्या व्यापाराचा सारा कारभार पाहणाऱ्या ‘कासा दा इंदिया’ची कागदपत्रेही गेली. संकटे फ्लॉरेन्सवरही आली. 1966 च्या नोव्हेंबरात आर्नो नदीच्या पुराने ग्रंथ आणि चित्रे चिखलात बुडवली. तरीही शिलकीचा हिशेब मांडला तर दोन्ही शहरांची बरोबरी होत नाही. फ्लॉरेन्समध्ये वस्तू आपल्या जागी आहेत. लिस्बनच्या बऱ्याच वस्तू नष्ट झाल्या आहेत किंवा परक्या गावी आहेत. पोर्तुगीजांच्या गुप्त नकाशावरून 1502 मध्ये चोरून करवून घेतलेला ‘कान्तिनो’ नकाशा, ज्यावर भारताचा किनारा पहिल्यांदाच ओळखू येईल अशा आकाराने उतरला, तो आज इटलीत मोदेना येथील एस्तेन्से ग्रंथालयात आहे. म्हणजे लिस्बनच्या नकाशाविद्येचा हा सर्वांत मोठा पुरावा लिस्बनपेक्षा फ्लॉरेन्सहून अधिक जवळ पडतो, ही थोडी विनोदी वस्तुस्थिती आहे.

विज्ञानाच्या बाबतीत फ्लॉरेन्स सरस ठरते, आणि केवळ संग्रहालयांमुळे नव्हे. कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने 1420 ते 1436 या काळात, जमिनीपासून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता बांधला. सुमारे 45 मीटर रुंदीची ही पोकळी त्याने दुहेरी कवच करून आणि विटा तिरप्या गुंफत नेऊन मिटवली. 463 पायऱ्या चढून वर जाताना या दोन कवचांच्या मधून वाट जाते आणि विटांची ती गुंफण हाताच्या अंतरावर दिसते. गुडघे ठीक असतील तर ही चढण चुकवू नये. याच घुमटाचा उपयोग तोस्कानेल्लीने 1475 च्या सुमारास सूर्य मोजण्यासाठी केला. सुमारे 90 मीटर उंचीवर छिद्र असलेली एक कांस्य पट्टी बसवली गेली. उन्हाळ्यात दुपारी एकच्या सुमारास त्या छिद्रातून उतरलेले सूर्याचे तीनेक फुटांचे बिंब चर्चच्या फरशीवरून डोळ्यांदेखत सरकत जाते आणि जूनमध्ये, दक्षिणायन सुरू होण्याच्या दिवशी, तेथे बसवलेल्या संगमरवरी वर्तुळावर येऊन टेकते. एवढ्या उंच वास्तूची वेधशाळा करणे ही कल्पनाच मला त्या शतकाचे सार वाटते; चर्च, स्थापत्य आणि खगोल यांची खाती तेव्हा वेगळी नव्हती.

सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चच्या दर्शनी भिंतीवरही अशीच दोन यंत्रे आहेत. एग्नाझिओ दांती या धर्मगुरूने 1572 आणि 1574 मध्ये ती बसवली आणि पंचांगातील वर्षाचे सूर्याच्या गतीशी किती बिनसले आहे, हे त्यांच्या साहाय्याने तपासले. 1582 च्या ग्रेगोरियन पंचांग-सुधारणेसाठी नेमलेल्या मंडळातही तो पुढे होता. याच दांतीने पालाझ्झो वेक्कियो या राजवाड्यातील एका दालनात कपाटांच्या दारांवर जगाचे नकाशे रंगवले. बहुतेक प्रवासी सांता मारिया नोव्हेल्लामध्ये शिरण्याच्या घाईत ती दर्शनी भिंत पाहतच नाहीत. आत मात्र मसाच्चिओचे ‘त्रिमूर्ती’ हे भित्तिचित्र नीट उभे राहून पाहावे. 1427 च्या सुमाराचे हे चित्र म्हणजे सपाट भिंतीत खोली निर्माण करण्याच्या गणिताचा आरंभीचा पूर्ण नमुना आहे, आणि चित्रकला व भूमिती यांचे नाते समजून घ्यायला ते उफीत्झीतील अनेक दालनांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

उफीत्झीच्या पाठीमागेच नदीकाठी म्युझेओ गॅलिलिओ हे संग्रहालय आहे. गुरूच्या चंद्रांच्या शोधाशी जोडलेले गॅलिलिओच्या दुर्बिणीचे भिंग येथे हस्तिदंती चौकटीत ठेवले आहे. ते तडकलेले आहे. लोपो ओमें या पोर्तुगीज नकाशाकाराने 1554 मध्ये केलेला जगाचा मोठा नकाशाही येथेच आहे. आंतोनिओ सांतुच्चीने 1588 ते 1593 या काळात मेदिचींसाठी केलेले, माणसाहून कितीतरी उंच असे सोनेरी गोलयंत्र, म्हणजे कड्यांनी बनवलेली आकाशगोलाची प्रतिकृती, एका दालनाचा मोठा भाग व्यापते. एवढ्या प्रचंड यंत्राने कोणी वेध घेत नसे, ते दरबाराची शोभाच होते, हे खरे. पण त्याची प्रत्येक कडी गणिताने जागेवर बसलेली आहे.

लिस्बनचे विज्ञान वेगळ्या जातीचे होते. समुद्रावर डुलणाऱ्या जहाजातून सूर्याची उंची मोजायची, तक्ता पाहायचा आणि अक्षांश काढायचा, असे ते कामाचे ज्ञान होते. अब्राहाम झाकुतो या ज्यू खगोलज्ञाचे तक्ते 1496 मध्ये पोर्तुगालमध्ये छापले गेले आणि त्याच वर्षाअखेरीस राजा मानुएल याने ज्यूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढला. पेद्रो नुनेश या पोर्तुगीज गणितज्ञाने गोल पृथ्वीवर एकाच दिशेने जाणाऱ्या जहाजाचा मार्ग सरळ नसून सर्पिल असतो, हे गणिताने दाखवले. त्याच्या सल्ल्याने काम करणारा पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो 1538-39 मध्ये गोव्याहून दीवला जाताना कोकणातील बंदरांची रेखाटने करत आणि होकायंत्राची सुई तपासत गेला; वसईच्या परिसरात सुई अकारण भरकटते आहे, हे त्याच्या ध्यानात आले आणि जवळच्या खडकांमुळे ती भरकटत असावी, असा तर्क त्याने केला. आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या खडकाविषयीचे हे निरीक्षण मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. पण कास्त्रोच्या त्या रेखाटनांची वही पाहायची तर कोइम्ब्राच्या विद्यापीठाचे ग्रंथालय गाठावे लागते. लिस्बनच्या नौकानयन संग्रहालयात ॲस्ट्रोलेब, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजण्याची यंत्रे, आहेत, जहाजांच्या प्रतिकृती आहेत आणि वास्को द गामाबरोबर भारतापर्यंत जाऊन आलेली म्हणून जपलेली देवदूताची लाकडी मूर्तीही आहे. परंतु ज्ञान घडताना पाहण्याचा जो अनुभव फ्लॉरेन्समध्ये सहज येतो, तो येथे पाहणाऱ्याला स्वतः जुळवून घ्यावा लागतो.

चित्रकलेची तुलना लांबवण्यात अर्थ नाही. उफीत्झीसमोर उभे राहील असे लिस्बनमध्ये काही नाही. मात्र लिस्बनच्या प्राचीन कला संग्रहालयात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांच्या तोडीचे काही फ्लॉरेन्समध्ये सापडणार नाही. जपानी चित्रकारांनी घडीच्या पडद्यांवर रंगवलेले, लांब नाकांचे आणि फुगीर विजारींचे पोर्तुगीज ही एक. इथे युरोप हा पाहणारा नसून पाहिला जाणारा आहे. दुसरी, 1506 मध्ये घडवलेले ‘बेलेमचे’ सोन्याचे पूजापात्र. पूर्व आफ्रिकेतील किल्वाच्या राजाकडून खंडणी म्हणून घेतलेल्या सोन्याचे ते आहे आणि ते सोने वास्को द गामाने आपल्या दुसऱ्या सफरीतून आणले. याच सफरीत त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले. मीनाकामातील बारा प्रेषितांच्या इवल्या मूर्ती पाहताना हा संदर्भ मनात असेल तर ते पात्र निराळे दिसते.

सागरी मोहिमांचा भव्यपणा अनुभवायचा असेल तर लिस्बनच्या पश्चिमेकडील बेलेम या भागाला पर्याय नाही. जेरोनिमोस मठाचे बांधकाम 16व्या शतकाच्या आरंभी सुरू झाले आणि त्याचा खर्च आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरच्या 5 टक्के करातून भागवला गेला.  दोरखंड, गाठी आणि समुद्री वनस्पती दगडात कोरणारी ही मॅन्युएलाइन शैली, आणि मुख्य वेदीजवळ राजांच्या शवपेट्या पाठीवर पेलणारे संगमरवरी हत्ती, पाहणाऱ्याला थक्क करतात. जवळच्या बेलेम बुरुजावर एका टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी झिजलेले गेंड्याचे डोके आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला दिलेला गेंडा गोव्यामार्गे मे 1515 मध्ये लिस्बनला पोचला, त्याची हत्तीशी झुंज लावली गेली आणि हत्ती पळून गेला. पुढे राजाने तो पोप दहावा लिओ याला, म्हणजे मूळच्या मेदिची घराण्यातील पुरुषाला, नजराणा म्हणून पाठवला. पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून तो बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचे प्रसिद्ध चित्र केले ते गेंडा न पाहताच.

नदीकाठचे मोहिमांचे प्रचंड स्मारक मात्र 1960 चे, सालाझारच्या हुकूमशाहीच्या काळातले आहे, आणि वास्को द गामाची शवपेटीही मठात 19व्या शतकात आली. लिस्बन पाहताना सोळावे शतक कोणते आणि विसाव्या शतकाला हवे असलेले सोळावे शतक कोणते, ही निवड सतत करावी लागते.

म्हणून ज्याला या काळाची विशेष ओळख नाही, त्याने निःशंक फ्लॉरेन्सला जावे. तेथे पूर्वतयारी कमी असली तरी वस्तू स्वतःच पुष्कळ सांगतात. ज्याने जुने गोवे आणि वसईचा किल्ला नुसते फोटो काढण्यापलीकडे पाहिला आहे, त्याने लिस्बनचा विचार करावा, असे मी म्हणेन, कारण लिस्बनमध्ये जे हरवले आहे त्यातले काही त्याच्या डोळ्यांखालून गेलेले असते. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचा काळसर दगडी दरवाजा मॅन्युएलाइन शैलीचा आहे आणि त्यावर राजा मानुएलचे चिन्ह असलेले गोलयंत्र कोरले आहे. तेच चिन्ह बेलेममध्ये जागोजागी आढळते. फ्लॉरेन्समध्ये ओन्यिसांती चर्चमधील बोत्तिचेल्लीच्या संत ऑगस्टीनच्या चित्रातही गोलयंत्र आहे, पण ते अभ्यासिकेत, पुस्तकांच्या शेजारी आहे. आणि फ्लॉरेन्सशी गोव्याचे काहीच नाते नाही असेही नाही: बॉम जेझू बॅसिलिकेतील सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीखालचा संगमरवरी चौथरा तिसऱ्या कोझिमो मेदिचीने धाडलेला आणि फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवलेला आहे. संस्कृत आणि इटालियन भाषांतील ‘सप्त’, ‘अष्ट’, ‘नव’ अशा शब्दांचे साम्य टिपून घरी पत्रे लिहिणारा फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी 1588 मध्ये गोव्यातच वारला.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. सोमवारी उफीत्झी आणि जेरोनिमोस दोन्ही बंद असतात, त्यामुळे तो दिवस येण्या-जाण्यात घालवावा. फ्लॉरेन्समधील वर सांगितलेली सर्व ठिकाणे पायी होतात; लिस्बनमध्ये बेलेम मध्यवस्तीपासून सहाएक किलोमीटर पश्चिमेला असून ट्रामने जावे लागते. घुमटाची आणि उफीत्झीची तिकिटे वेळेसह आधीच घ्यावीत. फ्लॉरेन्सला जूनमध्ये गर्दी आणि उकाडा असतो, तरी फरशीवरचे ते सूर्यबिंब पाहायचे असेल तर तोच महिना धरावा लागतो, आणि त्यासाठी कॅथेड्रलकडे स्वतंत्र नावनोंदणी करावी लागते.